कलायजींचा नकाशा

शरयू,

तुझ्या शोकसभेत चौघं बोलले आणि चौघांनी तुझं आडनाव चार तऱ्हांनी उच्चारलं. मंडळाचे अध्यक्ष 'कॅलॅसी' म्हणाले. अनोळखी शब्द इंग्रजीच असणार, अशी त्यांची अमेरिकेत आल्यापासूनची श्रद्धा आहे. त्यांच्यानंतरच्या बाईंनी 'कलाईकर' करून टाकलं. तिसऱ्या गृहस्थांनी धोका न पत्करता पंधरा मिनिटं 'आपल्या शरयूताई' एवढ्यावर भागवलं आणि त्यातला बराचसा वेळ स्वतःविषयी बोलून काढला. चौथी मी. मी बरोबर म्हणणार होते, पण ऐन वेळी शेवटचं अक्षर आतच राहिलं.

तू असतीस तर सभा मध्येच थांबवून सगळ्यांकडून म्हणवून घेतलं असतंस. "कलाय. मग ज. आणि मग कोणीतरी पोटात हलकेच गुद्दा मारल्यावर जो आवाज निघतो, तो." माझ्या पोटात तू तो गुद्दा खरोखरच मारला होतास, आपण विद्यापीठाच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो तेव्हा, इल्हानशी लग्न ठरल्याची बातमी देतानाच. त्या आवाजाला मराठीत अक्षर काही सापडलं नाही. मी 'कलायजी' लिहिते. तूही तेच लिहायचीस आणि वर म्हणायचीस, "चालेल गं. फुकटात मान मिळतोय."

तुझं शिक्षण, नोकरी, तुझ्या नावावरची पेटंटं हे सगळं सभेत वाचून झालं. माझी सगळी नोकरी वाचनालयात गेली, त्यामुळे कार्डावर मावणाऱ्या माहितीवर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. मला दुसरंच बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. तुझ्या माघारी त्याचा निकाल लागला आहे आणि तो तुला कळवायचा आहे.

भांडण दोन ओळींचं होतं. तुझ्या माहेरच्या कुलवृत्तांतातल्या दोन ओळी. माहेरचं आडनाव इथे लिहीत नाही, कारण त्या कुळातली माणसं वाचतात आणि वाचलं की लांब पत्रं लिहितात. कुलवृत्तांत कसा असतो ते मराठी माणसाला सांगायला नको. पहिल्या पानावर कुलदैवत. दुसऱ्या पानावर मूळ पुरुष, ज्याच्याविषयी ठाम माहिती एवढीच की तो होता. त्यापुढे शेकडो पानं त्याचे वंशज, त्यातले बहुतेक 'मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष'. इतकी मनमिळाऊ माणसं असलेल्या कुळात जमिनीचे इतके दावे कसे, हा प्रश्न मी तुला विचारला होता. तू म्हणालीस, "दावेही मनमिळाऊपणे चालवतो आम्ही."

पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तुझा डेनिझ दोन वर्षांचा होता. तुझ्या वडिलांच्या नावाखाली तुम्ही दोघी बहिणी. थोरलीला नवरा, सासरचं गाव, गोत्र, दोन मुलं, सगळं होतं. तुझ्या नावापुढे फक्त, 'शरयू. एम. एस. अमेरिकेत स्थायिक.' माहिती तुझ्या बाबांनीच भरून दिली होती. जावई तुर्की आहे, मुसलमान आहे, हे त्यांनी घरात कधी मोठ्यानं नाकारलं नाही. फक्त लिहिलं नाही. ते पान माझ्यासमोर धरून तू म्हणालीस, "बघ वसू, मी अमेरिकेशीच लग्न केलेलं दिसतंय." मी हसले. तू हसली नव्हतीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुस्तक तुझ्या कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं. मग २००१चा तो सप्टेंबर आला आणि न्यू जर्सीत माणसांना एकमेकांच्या आडनावांत एकाएकी रस वाटू लागला. लॅबमध्ये वर्षानुवर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसानं विचारलं, "हे नाव नक्की कुठलं?" विमानतळावरही तेच विचारायचे, फक्त बाजूच्या खोलीत नेऊन. मंडळातल्या हितचिंतकांनी तर उपायच सुचवला. दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकूंनी तुला कोपऱ्यात घेतलं.

"अगं, थोडे दिवस माहेरचं नाव लाव. टेम्पररी. सगळं शांत झालं की परत हे लाव."

"काकू, आडनाव आहे ते. स्वेटर नाही."

काकू दुखावल्या. पण प्रश्न तुझ्या मनाला लागला होता. तो दोन देशांनी विचारला होता, एकानं खोलीत नेऊन आणि दुसऱ्यानं जागा कोरी सोडून. तू ठरवलंस की आता उत्तर द्यायचंच, आणि नीट द्यायचं. आता मराठी बाईनं एखाद्या आडनावाचं नीट उत्तर द्यायचं ठरवलं की ती काय करणार? तू कुलवृत्तांत काढायला बसलीस. कलायजींचा.

अर्थ इल्हानला माहीत होताच. कलाय म्हणजे कथील आणि कलायजी म्हणजे भांड्यांना कल्हई करणारा. त्याचे आजोबा तुर्कस्तानात, अनातोलियातल्या तोकात गावात हेच करायचे. भाता, कोळसा, नवसागर, कापसाचा बोळा, सगळा सरंजाम आपल्यासारखाच. फरक एवढाच की मोठं भांडं घासायचं असलं की ते त्यात वाळू टाकून स्वतः आत उभे राहायचे आणि भिंतीला धरून, कंबर इकडे-तिकडे वळवत, पायांनी घासायचे. इल्हाननं ते तुझ्या स्वयंपाकघरात करून दाखवलं. तो सहा फुटी माणूस, तुझ्या पुरणाच्या पातेल्यात.

"आत्ता कळलं," तू म्हणालीस, "लग्नात तुला एवढं बरं नाचता कसं आलं ते."

मला कोश उघडल्याशिवाय चैन पडत नाही. कल्हई आणि कलाय दोन्ही एकाच अरबी घरातून निघालेले, आणि ते शेवटचं 'जी' म्हणजे आपल्या तोपची आणि मशालचीतला 'ची'. म्हणजे तुझ्या सासरच्या नावाचा अर्थ सांगलीच्या भांडीबाजारात कोणालाही कळला असता. कोणी विचारलाच नाही.

आणि मग तू ती चूक केलीस, जी फक्त आपल्यातलाच माणूस करू शकतो. माझ्या वाचनालयातल्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मग इंटरनेट धुंडाळून तू मिळतील तेवढ्या कलायजींचे पत्ते काढलेस आणि सगळ्यांना पत्रं धाडलीस. वर इंग्रजी, खाली इल्हाननं केलेला तुर्की अनुवाद. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष कोण? मूळ गाव कोणतं? तिथून किती शाखा फुटल्या, आणि आपली कितवी? अनुवाद करताना इल्हान दोनदा म्हणाला, "हे लोक गोंधळतील." तू म्हणालीस, "स्वतःचं कूळ माहीत नाही असा माणूस असतो का?"

उत्तरं आली. नम्र आणि गोंधळलेली. कोलोनच्या एका बसचालकाचं उत्तर मला अजून पाठ आहे. 'बाई, मूळ पुरुष वगैरे आमच्यात कोणी नाही. चौतीस साली सरकारनं कायदा केला की प्रत्येकानं आडनाव घ्यायचं. आजोबा कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, काय करतोस? ते म्हणाले, कल्हई. त्यानं लिहून घेतलं. जेवणाच्या सुटीआधी काम झालं होतं.'

तू मला वाचनालयात फोन केलास. कामाच्या वेळी फोन करायचा नाही, हा आपला नियम होता.

"वसू, मूळ पुरुष सापडला!"

"कोण?"

"कारकून!"

आणि तू इतकी हसलीस की माझ्या समोरच्या टेबलावर पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

खरंच तसं होतं. त्या कायद्यापूर्वी तुर्कस्तानात बहुतेकांना आडनावच नव्हतं. अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, लंगडा, कल्हईवाला, एवढ्यावर काम चालायचं. कायदा झाला आणि ज्या ज्या गावात कल्हईवाला होता तिथे एकेक कलायजी घर उभं राहिलं. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. आपल्याकडे दोन माणसांचं आडनाव जुळलं की चहा येईपर्यंत चुलतनातं निघतं. हे कलायजी भेटले तर चहा पितात आणि आपापल्या घरी जातात.

मी म्हटलं, "म्हणजे संपलं. जे एकमेकांचे कोणीच नाहीत, त्यांचा वृत्तांत कसला काढणार?"

"वृत्तांत नाही. नकाशा काढते."

वंशवृक्षासाठी आणलेला मोठा कागद तू गुंडाळून ठेवलास, जेवणाच्या खोलीतलं काचेचं कपाट हलवलंस आणि त्या भिंतीवर जगाचा नकाशा लावलास. पुढची पाच-सहा वर्षं तुझ्याकडे जेवायला येणारा प्रत्येक जण कलायजींकडे तोंड करून जेवला. तुर्कस्तानात टाचण्या सगळीकडे, काळ्या समुद्रापासून सीरियाच्या सीमेपर्यंत. तिथून पुढे जर्मनीत दाट गर्दी, कारण साठच्या दशकात तिथल्या कारखान्यांनी माणसं मागवली होती. मग हॉलंड, बेल्जियम, ऑस्ट्रिया, फ्रान्स. सायप्रसमध्ये थोडे. आपल्याकडून अर्ध्या-पाऊण तासावर, पॅटरसनमध्ये, एक किराणा दुकान. तू प्रत्येकाचा व्यवसाय लिहून घ्यायचीस. कोणी बस चालवायचं, कोणी दात काढायचं, कोणी लोकांचे टॅक्स भरून द्यायचं. एक ॲमस्टरडॅममध्ये पियानो दुरुस्त करायचा. कल्हई कोणीच करत नव्हतं.

मग तुला कळलं की हा शब्द सीमेपाशी थांबलेलाच नाही. बल्गेरिया, सर्बिया, बोस्निया, सगळीकडे तोच कल्हईवाला, शेपूट तेवढी वेगळी. ग्रीसमध्ये तो 'कलाइत्झिस' झाला. आणि अर्मेनियन लोकांत 'कलायजियन'. ते मॅसॅच्युसेट्समध्ये होते, कॅलिफोर्नियात होते, आणि आपल्या राज्यातही होते.

त्या कलायजियन आजींचं पत्र मला आठवतं, कारण ते आलं तेव्हा मी तुझ्याकडे होते. हातानं लिहिलेलं, इंग्रजीत. 'माझे आजोबाही तोकातचे कल्हईवाले. पण आम्ही तिथून निघून आलो नाही. आम्हाला काढलं, आणि सगळे पोचले नाहीत. हे तुमच्या नकाशावर कसं दाखवणार?'

इल्हाननं ते दोनदा वाचलं. १९१५ साली अर्मेनियन लोकांना तिथून हाकललं आणि मारलं, हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. टेबलावरचा चहा निवत गेला. मला शांतता सहन होत नाही, म्हणून मी म्हटलं, "यांची यादी वेगळी ठेव हवं तर." इल्हान उठला. त्यानं न्यू जर्सीत एक टाचणी टोचली, तुझ्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि तोकातपासून त्या टाचणीपर्यंत ताणून बांधला. बाकी कुठल्याच टाचणीला दोरा नव्हता. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं त्या आजींकडे गेलात. तिथे काय बोलणं झालं ते तू मला सांगितलं नाहीस. येताना त्यांनी द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचा डबा दिला, एवढंच कळलं, कारण अर्धा डबा तू माझ्याकडे आणून दिलास.

मला अभिमान वाटायला एरवी वेळ लागतो. शाल-श्रीफळ दिसलं की मी दाराजवळची खुर्ची पकडते. पण त्या रविवारनंतर मी वाचनालयात, माझ्या मुलीला, किराणाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी बाईलाही सांगत सुटले की माझी एक मैत्रीण आहे आणि ती असं असं करतेय. तुला हे माहीत नव्हतं. तोंडावर कौतुक करायची आपल्यात पद्धत नव्हती.

मंडळाच्या गणेशोत्सवात तू नकाशा शाळेच्या जिममध्ये लावलास, मुलांची चित्रं आणि विमा एजंटाचं टेबल यांच्या मधोमध. एक काका बराच वेळ चष्मा वर-खाली करत पाहत राहिले.

"हे सगळे तुमचे सासरचे का हो?"

"एकही नाही, काका."

"एकही नाही? मग लावलंय कशाला?"

"नाव एक आहे ना."

"अहो, पण नातं?"

"नातं नाही. कल्हई."

काका थबकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्यात ते कोकणातले आणि खानदेशातले… ते एक नसतीलही म्हणता?" त्यांनी आपल्या कुळाच्या त्या दोन शाखा जोडण्यात निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घातली होती. आरती सुरू झाली तरी ते नकाशासमोरच होते. शेवटी अध्यक्षांनी तुला शाल दिली. ती तू तिथल्या तिथे इल्हानच्या खांद्यावर टाकलीस आणि नारळ त्याच्या हातात दिलास. त्या मंचावर मी आजवर पाहिलेला तो एकमेव सत्कारमूर्ती, ज्याच्या चेहऱ्यावर आपण का उभे आहोत हा प्रामाणिक प्रश्न होता.

त्यानंतर दोनच महिन्यांत पुण्याहून छापील फॉर्म आला. कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती. संपादक मधुदादा, तुझे चुलतभाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, लहानपणी तुला सायकलवर डबलसीट शाळेत सोडणारे. तू फॉर्म सुवाच्य अक्षरात भरलास. पतीचं पूर्ण नाव. धर्म. पुत्राचं पूर्ण नाव. सासरचं मूळ गाव, तोकात. आणि गोत्राच्या रकान्यात, 'कल्हई'. मधुदादांचा फोन आला तेव्हा तू मला ऐकता यावं म्हणून स्पीकर लावलास.

"शरयू, गोत्रापुढे हे काय लिहिलंयस?"

"रकाना होता म्हणून लिहिलं."

"थट्टा नको. हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या राहणार आहे."

"म्हणूनच खरं लिहिलंय, दादा."

"हे बघ, मी पुढारलेला माणूस आहे. माझं स्वतःचं काही म्हणणं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"समिती आहे, बाई."

समितीनं तोडगा काढला होता. 'पती अमेरिकास्थित शास्त्रज्ञ. एक पुत्र.' मधुदादा म्हणाले, "सगळं खरंच आहे की नाही यात?" तू म्हणालीस, "खरं आहे. नावं सोडून सगळं आहे."

त्या शनिवारी आपण ओक ट्री रोडवर डोसा खायला गेलो आणि भांडलो. मी तुला सांगितलं की घे चालवून. मागच्या वेळी तर एवढंही नव्हतं. आता 'पती' आलाय, 'एक पुत्र' आलाय.

"वसू, लेखकाचं नाव नसलेलं पुस्तक तुम्ही कशात घालता?"

"अनामिकमध्ये."

"माझा मुलगा अनामिक नाही."

"अगं, पण वाचतं कोण ते? माळ्यावर जाऊन पडणार."

"कोणी वाचत नाही, तर मग नाव छापायला त्यांना एवढं जड का जातंय?"

उत्तर सुचलं नाही की मी कॉफी मागवते. मागवली. आणि कॉफी येईपर्यंतच्या वेळात म्हणाले, "तुझ्या हट्टापायी आहे तेही जाईल." तू डोसा तसाच ठेवून उठलीस. दुसऱ्या दिवशी पुण्याला कळवलंस की सगळं छापा, नाहीतर काहीच छापू नका. उत्तर आलं नाही. मी म्हटलं होतं तसंच झालं, आणि बरोबर ठरल्याचा मला त्या वेळी थोडा आनंदही झाला. हे तुला सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं.

मग तुझा आजार आला आणि आपण तो विषय काढला नाही. काढायला हवा होता. तुझ्या उशाशी बसून मी किती वेळा तोंड उघडलं. पण आजारी माणसाला 'तुझं बरोबर होतं' म्हटलं की ते दयेसारखं ऐकू येतं, आणि तुला दया लांबून ओळखता यायची. मी तुला आलेली पत्रं वाचून दाखवत राहिले. तुलाही तेच हवं होतं, अशी मी समजूत करून घेतली आहे.

तुझ्या अंत्यदर्शनाला रांग दारापर्यंत होती. पॅटरसनचे किराणा दुकानवाले सहकुटुंब आले होते. फिलाडेल्फियाहून एक दंतवैद्य. कलायजियन आजी नातवाच्या हाताला धरून. आणि कोलोनच्या बसचालकाचं फूल. डेनिझ दाराशी उभा राहून आपल्या मंडळींना ओळख करून देत होता, "धिस इज मिस्टर कलायजी. नो रिलेशन. मिसेस कलायजी. नो रिलेशन." तिसऱ्यांदा म्हणताना तो 'नो'वरच अडला, आणि त्या नातं नसलेल्या मिसेस कलायजींनी त्याला जवळ घेतलं.

पंधरा दिवसांनी त्याला मधुदादांचा ई-मेल आला. सांत्वन, दोन श्लोक, आणि शेवटी असं की कै. शरयूची नोंद अगदीच नसणं बरं दिसत नाही, तेव्हा संक्षिप्त मजकुराला तुझी संमती कळव. डेनिझ प्रिंटआउट घेऊन शॉमबर्गहून, नोकरीच्या गावाहून, तुझ्या घरी आला आणि त्यानं मला बोलावून घेतलं. त्याच्याकडे दोन दिवसांची रजा होती. त्याला मराठी ऐकलेलं कळतं, वाचता येत नाही.

"मावशी, व्हॉट डझ इट से?"

मी वाचलं. "पती अमेरिकास्थित शास्त्रज्ञ. एक पुत्र."

"एक पुत्र. दॅट्स मी?"

"तो तूच."

इल्हान खिडकीपाशीच थांबला. हा त्याच्या सासरचा मामला आहे, असं तो पहिल्यापासून मानत आला.

"मॉम सेड नो टु धिस?"

"हो. सगळं, नाहीतर काही नको."

"अँड यू?"

त्याला माहीत होतं. तू सांगितलं असणार.

"मी तिला चालवून घे म्हणाले होते. माझं चुकलं, डेनिझ. तिला म्हणायचं राहिलं, तुला म्हणते."

तो म्हणाला, "देन यू कॉल हिम, मावशी. माझं मराठी त्यांना हसू आणेल."

मी फोन केला. मधुदादांनी आधी मला कुळाचा इतिहास सांगितला. मग समितीच्या अडचणी. मग विचारलं, "आपण कुळातल्या का?"

"नाही. मैत्रीण."

"मग क्षमा करा, पण आपला यात…"

"मधुदादा," मी म्हटलं, "तिचा मुलगा माझ्यासमोर बसलाय. तुम्हाला त्याची संमती हवीय ना? तो नाही म्हणतोय. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, पूर्ण, नाहीतर तिचंही नको. तुमच्या पुस्तकात बहिणीच्या जागी खड्डा राहील, आणि तो कोणी पाडला हे तुम्हाला माहीत असेल."

मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मुलगा कोणावर गेलाय?"

"चेहरा तिच्यावर. हट्टही."

"तिनं मला आजारी असल्याचं कळवलं नाही हो."

"तुम्ही तिच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं."

"तिचा फॉर्म आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "टाकून नाही दिला." आणि मग, "समितीतले दोघं बैठकीत झोपतात. बघतो."

प्रूफ काल आलं, शरयू. तुझ्या बाबांच्या नावाखाली, तुझ्या बहिणीच्या शेजारी: 'सौ. शरयू इल्हान कलायजी. एम. एस. (रसायनशास्त्र). पती: श्री. इल्हान कलायजी, धर्म मुस्लिम, मूळ गाव तोकात, तुर्कस्तान. आडनावाचा अर्थ: कल्हई करणारा. पुत्र: डेनिझ इल्हान कलायजी.' अर्थाची ओळ तू फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिली होतीस म्हणे. तीही त्यांनी घेतली. गोत्रापुढे मात्र आडवी रेघ आहे. मी त्यासाठी मधुदादांना पुन्हा फोन करणार होते, पण डेनिझ फोनवर म्हणाला, "लीव्ह इट, मावशी. लेट देम हॅव वन." इल्हाननं ते पान मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. त्याला मराठी येत नाही. नावं आली की तो मान डोलवत होता.

प्रूफ तपासून देण्याचं काम माझ्याकडे आहे. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. अक्षर न् अक्षर पाहिलं. एकही चूक नाही. तू स्वतःच्या हातानं भरलेल्या फॉर्मवरून सगळं जसंच्या तसं लावलंय. म्हणूनच एक दुरुस्ती मला करावी लागली. तुझ्या नावाआधी 'कै.' घालायचं होतं.

सकाळी नऊला तुझ्या टेबलाशी लाल पेन घेऊन बसले. ते एक अक्षर घालून झालं तेव्हा इल्हान जेवायला बोलवायला आला होता.